चालू स्थितीत

आम्ही तिघं मोजायला आलो आहोत.
माझ्याकडे विभाग चार, तांत्रिक पायाभूत सुविधा,
एकोणतीस रकाने
आणि शेवटी शेऱ्यासाठी दीड ओळ.

ऐरोलीच्या या अंगाला
विद्यापीठ आणि डेटा सेंटर यांच्यामध्ये एकच भिंत.
आपल्या बाजूने शेवाळ, वर काचा रोवलेल्या,
पलीकडे बिनखिडक्यांच्या आठ मजल्यांची
रात्रंदिवस गुणगुण.

कुलसचिवांनी एकेक गुलाब दिला,
काजूकतली फिरली,
मग संगणककक्षाचं दार उघडलं.
नवं पायपुसणं, फिनेलचा वास.
साठ पडद्यांवर एकच निळं आकाश,
कळफलकांवर अजून प्लास्टिक.

काशिनाथ मढवी, प्रयोगशाळा सहायक,
किल्ल्यांचा जुडगा घेऊन दोन पावलं मागे.
आतल्या खोलीतली जुनी यंत्रं तेच दाखवतात.
हे?
चालू स्थितीत.
हे?
चालू स्थितीत.
हे?
"हे चालू होतं मॅडम,
फक्त उजवीकडून एक थाप द्यावी लागते."
थापेसाठी रकाना नाही.
मी 'चालू' लिहिते.

वेग तपासला.
आकडा असा आला, की पहाटे पाचला
पाम बीच रोडवर गाडी सोडावी.
कुलसचिवांनी गुलाबाकडे बघून स्मित केलं.
आणि तेव्हा मला ऐकू आलं
की काहीच ऐकू येत नाहीये.
कट्टा रिकामा, जिना रिकामा,
कँटीनमध्ये एक मांजर.
बाराशे मुलांना आज सुट्टी दिलेली.
रस्ता किती मोकळा ते पाहायचं
म्हणून वाहतूकच थांबवलेली.

साडेअकराला एक मुलगी आली.
करिश्मा खरात, दुसरं वर्ष,
दिघ्याहून, अर्धी वाट पायी.
सुट्टीचा निरोप रात्री ग्रुपवर पडला होता म्हणे.
तिचा रिचार्ज रविवारीच संपलेला.
म्हणजे तो निरोप अजून कुठेतरी असेल,
कदाचित या भिंतीपलीकडेच,
थंडगार खोलीत,
धूळही न बसता जपून ठेवलेला.

"तुम्ही नेट कुठे वापरता गं?"
ती मला तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात नेते.
भिंतीवर पाठींचे तेलकट डाग,
एकाखाली एक, सात.
"अकरावी पायरी मिळाली तर परीक्षेचा फॉर्म जातो.
बारावीवर नुसते मेसेज.
दहावीवर सर बसतात."

मढवी वर येतात, दम खात.
वीज गेली की पलीकडचा जनरेटर घरघरतो,
आपला यूपीएस चार मिनिटं धरतो,
तेवढ्यात मी सगळ्या वर्गांवरून ओरडत जातो:
सेव्ह करा, सेव्ह करा.
बत्तीस वर्षांत घसा दोनदा बसला.
पर्यायी वीजव्यवस्था, रकाना एकोणीस.
माझं पेन तिथे जरा रेंगाळतं.

करिश्मा विचारते,
आज मोकळंच आहे तर फॉर्म भरू का?
नव्या साठांचा पासवर्ड
पुरवठादाराच्या माणसाकडे, तो नाशिकला.
मढवी काही न बोलता आतल्या खोलीत जातात,
उजवीकडून एक थाप देतात,
थांबतात,
मग दुसरी, जरा मायेने.
पडदा हळूहळू उजळतो,
म्हाताऱ्याने डोळे उघडावे तसा.

तिने आईचं नाव टाकलं, जातीच्या दाखल्याचा क्रमांक टाकला,
फोटो चढायला वेळ लागला, आम्ही तिघं बघत राहिलो.
खालून कुलसचिवांची हाक:
मॅडम, जेवण गार होतंय.

शेऱ्याच्या दीड ओळीत मी लिहिलं:
तिसरा मजला, अकरावी पायरी, चालू स्थितीत.
पुढे मढवींचा घसा लिहायला घेतला,
तर ओळ संपली.
समासात लिहिलं.